भोंगा कोणी वाजवायचा?

(रत्नागिरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून तुम्ही आजवर संतसाहित्य ऐकलंत, इतिहास ऐकलात, अर्थसंकल्पावरची भाषणं ऐकलीत. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, की कामाच्या जागी विषारी वायू सुटला तर काय करायचं, यावर मला बोलायचं आहे. त्यांनी तो एका शब्दानेही न बदलता स्वीकारला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते स्वतः रात्रपाळी सुटल्यावर कामगारांना कायदा समजावून सांगत असत. त्यामुळे हा विषय त्यांना परका वाटला नसता.

आणि रत्नागिरीला तरी तो परका कुठे आहे? मिरकरवाड्याला बर्फाचे कारखाने आहेत, मच्छीची कोल्ड स्टोरेज आहेत. बर्फ पडतो तो अमोनियावर. गावाला शुद्ध पाणी मिळतं ते क्लोरीनवर. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडजवळ नांदिवड्याच्या शाळेतल्या मुलांना वायूचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावं लागलं, ते तुम्ही विसरला नसाल. रसायन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच चिमण्यांचा कारखाना येतो. पण धोका कोळंबी सोलायच्या शेडला लागून असलेल्या कंप्रेसरच्या खोलीतही असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबता आलं नाही तरी ते तुमच्याबरोबर घरी जाईल. गळतीत माणसं वाचणार की नाही हे पहिल्या पाच मिनिटांत ठरतं. त्या पाच मिनिटांत तिथे मॅनेजर नसतो, अग्निशमन दल नसतं, जिल्हाधिकारी नसतात. तिथे असतो ऑपरेटर, हेल्पर, ठेकेदाराचा माणूस, कोळंबी सोलणारी ताई. ओरडायचा, भोंगा वाजवायचा आणि जागा सोडायचा अधिकार या माणसांच्या हातात आधीपासून असला पाहिजे. परवानगी मागून वापरायचा अधिकार मी म्हणत नाही. मुळातच दिलेला अधिकार म्हणतो आहे.

असं मी का म्हणतो? त्यासाठी भोपाळला जावं लागेल.

२ डिसेंबर १९८४ ची रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट नावाचं रसायन साठवलेलं होतं. हे रसायन ३९ अंशांना उकळतं, म्हणजे भोपाळच्या उन्हाळ्यात दुपारीच उकळेल. म्हणून ते शून्याच्या आसपास थंड ठेवायचं असतं. थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षी जूनपासून बंद होती. सुटलेला वायू धुऊन काढणारा स्क्रबर चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा नळ गंजला म्हणून काढून ठेवला होता. ई-६१० नंबरच्या टाकीत पाणी शिरलं आणि आत प्रक्रिया सुरू झाली.

रात्री अकराच्या सुमाराला नियंत्रण कक्षातल्या माणसाने टाकीचा दाब वाढलेला पाहिला. आकडा नेहमीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून त्याला काही वावगं वाटलं नाही. साडेअकराला कामगारांचे डोळे चुरचुरायला लागले. डोळे चुरचुरणं हीच त्या कारखान्यातली रोजची धोक्याची सूचना होऊन बसली होती. गळती कुठे आहे याचा शोध झाला, आणि चहा झाल्यावर बघू असं ठरलं. चहा झाला. बाराच्या पुढे दाब असा चढला की टाकीवरचं काँक्रीट तडकायला लागलं. सुमारे चाळीस टन रसायन वायूच्या रूपात शहरावर गेलं.

आता मी तुम्हाला ज्या गोष्टीकडे बघायला सांगणार आहे ती भोंग्याची आहे. त्या कारखान्यात वस्तीसाठीचा मोठा भोंगा होता. तो वाजलाही. पण थोड्या वेळात बंद केला गेला. पुन्हा वाजला तो दोनच्या सुमाराला. तोवर वस्तीतले लोक झोपेतून उठून, खोकत, मुलं काखेत घेऊन धावत सुटले होते. कुठल्या दिशेला? वारा ज्या दिशेला ढग नेत होता त्याच दिशेला. वारा कुठे बघायचा हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. आतल्या कामगारांना मात्र ते माहीत होतं. त्यांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि उलट्या बाजूला धावले. टाकीच्या अगदी जवळच्या त्या पाळीतली बहुतेक माणसं वाचली, आणि भिंतीपलीकडे हजारो गेली. मध्य प्रदेश सरकारनेच नंतर ३,७८७ मृत्यू मान्य केले. भोपाळमध्ये काम करणाऱ्या लोकांच्या मते खरा आकडा त्याहून खूप मोठा आहे.

एवढं ज्ञान भिंतीच्या आत होतं आणि बाहेर नव्हतं. किती लहानसं ज्ञान होतं ते! वारा बघ आणि उलटा पळ.

त्याच रात्री भोपाळ जंक्शनवर गुलाम दस्तगीर नावाचे उपस्थानक अधीक्षक होते. मुंबईकडे जाणारी गाडी फलाटावर उभी होती आणि तिची सुटायची वेळ व्हायची होती. त्यांचा घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काय झालं आहे हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. पण त्यांनी वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहता गाडी वेळेआधी सोडली. गाडीभर माणसं वाचली. स्वतः दस्तगीर पुढची कित्येक वर्षं आजारपण सोसत राहिले. आपल्या महाराष्ट्रातल्या किती घरांमध्ये त्या गाडीतून आलेलं कोणी असेल! त्यांना ते नाव माहीत असायला हवं.

मी दस्तगीरांचं नाव घेतो ते केवळ आदराने नाही. एका माणसाने पुरावा पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही, हे मला दाखवायचं आहे. गळतीच्या वेळी पुरावा पूर्ण होतो तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल, भोपाळला चाळीस वर्षं झाली, आता सगळं बदललं. ७ मे २०२०. विशाखापट्टणम. टाळेबंदीत बंद असलेल्या कारखान्यातल्या स्टायरिनच्या टाकीतून पहाटे तीनच्या सुमारास वाफ सुटली आणि शेजारच्या वेंकटापुरम गावातली माणसं रस्त्यात कोसळली. बारा जण गेले. चौकशीत काय निघालं? कारखान्यात भोंगा होता. तो वाजवायची सोय ३६ ठिकाणी होती, अगदी फाटकावरसुद्धा. त्या पहाटे एकाही ठिकाणाहून कोणी तो वाजवला नाही.

छत्तीस बटणं, आणि दाबणारा हात एकही नाही. का? मी बरीच वर्षं कारखान्यांमधून काम केलं आणि कामगारांना शिकवलं, म्हणून माझं उत्तर सांगतो. भोंगा वाजला की उत्पादन थांबतं. थांबलं की हिशेब होतो. खोटा ठरला तर चौकशी होते, कधी मेमो हातात पडतो. ठेकेदाराच्या माणसाला तर मेमोही मिळत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. मग वास आला तर तो काय करेल? तो शेजाऱ्याला विचारेल, "तुला पण येतोय का रे वास?" शेजारी म्हणेल, "येतोय. सुपरवायझरला सांग." सुपरवायझर म्हणेल, "थांब, बघतो." या तीन वाक्यांत दोन मिनिटं जातात. अमोनियाचा मोठा नळ फुटला असेल तर तेवढ्यात खोली भरते.

म्हणून कारखानदार मंडळी इथे असतील तर त्यांना माझी पहिली विनंती आहे. खोटा भोंगा वाजवणाऱ्याला कधीही शिक्षा करू नका. उलट सगळ्यांसमोर त्याचे आभार माना. दहा वेळा विनाकारण शेड रिकामी झाली तर दहा वेळा तुमचं अर्ध्या तासाचं काम बुडेल. अकराव्या वेळी माणसं वाचतील. हा हिशेब कुठल्याही व्यापाऱ्याला कळण्यासारखा आहे.

आता दुसरा मुद्दा, वाऱ्याचा. आपण किनाऱ्यावरची माणसं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. तांडेलाला हे कोणी शिकवावं लागत नाही. पण मी किनाऱ्यावरच्या किती तरी कारखान्यांत पाहिलं, की गळती झाली तर सगळ्यांनी जमायची जागा एकच ठरलेली असते. हिरव्या रंगाची पाटी, वर चार बाण, सगळे मध्याकडे. ही जागा दिवसा सुरक्षित असेल, तर रात्री नेमकी ढगाच्या वाटेवर येण्याचा धोका असतो. म्हणजे दिवसाच्या सरावात शिकलेली वाट रात्री माणसाला वायूतच नेऊन सोडेल. त्यासाठी जमायच्या जागा किमान दोन हव्यात, एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना. आणि वाऱ्याची पिशवी, ज्याला कारखान्यात विंडसॉक म्हणतात, ती अशा उंचीवर हवी की शेडच्या दारातूनच दिसेल. रात्री दिसेल असा दिवा तिच्यावर हवा. फाटलेली, वळून काठीला गुंडाळलेली पिशवी मी खूप ठिकाणी पाहिली आहे. तिची किंमत काही शंभर रुपये असते.

पळायचं कसं? ढगात सापडलात तर आधी वाऱ्याच्या आडवे, काटकोनात बाहेर पडा आणि मग वाऱ्याच्या उलट दिशेला जा. ढग लांबीला मैलभर असला तरी रुंदीला बहुधा कमी असतो. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड आहे, तो खड्ड्यात, गटारात, तळघरात उतरतो. त्यापासून सुटायचं तर उंचावर जा. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असं पुस्तकात असतं आणि ते खरं आहे. पण नळीतून सुटलेला अमोनिया उणे ३३ अंशांना उकळलेला, बर्फासारखा थंड असतो. आपल्या दमट हवेत त्याचा पांढरा ढग होऊन जमिनीलगतच पसरतो. पुस्तकावर भरवसा ठेवून त्यात खाली वाकून बसणारा माणूस त्यातच सापडतो.

आणि पळता येणार नसेल? शेजारच्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलेली असेल? तर घरातच राहा. दारं-खिडक्या बंद करा, पंखा-एसी बंद करा, फटींना ओल्या साड्या-चादरी लावा, तोंडावर ओला कपडा धरा. पाण्यात विरघळणाऱ्या वायूंसाठी, अमोनियासाठी तर नक्कीच, ओल्या कपड्याचा थोडा वेळ आधार होतो. तो वेळ निघून जाण्यासाठी किंवा ढग पुढे सरकेपर्यंत तग धरण्यासाठी आहे. ओला रुमाल बांधून आत काम करायला जाण्यासाठी तो नाही. कोविडच्या काळातले धुळीचे मास्क वायूला अजिबात अडवत नाहीत, हेही या ओघात सांगून ठेवतो.

आता तिसरा मुद्दा. आज मला सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायचा आहे, कारण इथे चांगली माणसं मरतात.

सांडपाण्याची टाकी साफ करायला एक जण उतरतो. खाली बसल्यासारखा वाटतो, मग पडतो. वर उभा असलेला त्याचा भाऊ, मेहुणा, गावकरी काय करतो? उडी मारतो. तोही पडतो. तिसरा उतरतो. सकाळी पेपरात बातमी येते: एकाच कुटुंबातले तिघे. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने १९८६ साली नोंदवलं, की बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला गेलेली असतात. साठ टक्के! म्हणजे निम्म्याहून जास्त मृत्यू मूळ अपघाताचे नव्हतेच.

आपल्याकडे हे फिशमीलच्या टाकीत होऊ शकतं, बोटीच्या खणात मच्छी कुजली असेल तर तिथे होऊ शकतं. तिथे तयार होतो हायड्रोजन सल्फाइड. कुजलेल्या अंड्यांचा वास. लोक म्हणतात, वास आला तर बाहेर येऊ. पण हा वायू वाढला की नाकाचा वास घेणाराच भाग बधिर करून टाकतो. वास गेला, म्हणजे वायू गेला असं वाटतं. वास गेला म्हणजे वायू वाढला, असंही असू शकतं. या एका गैरसमजापायी किती माणसं आपण घालवली आहेत.

शिवडीजवळ मुंबई बंदराच्या आवारात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांपैकी एकातून जुलै २०१० मध्ये क्लोरीन सुटला. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला आणि त्यांत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. शिकलेली, सराव झालेली माणसं! तेव्हा आपल्यासारख्यांनी काय समजायचं?

मला धाडसाबद्दल मनापासून आदर आहे. पण मित्राला वाचवायचं असेल तर पहिली पाच पावलं मागे टाका. बाहेरून ओरडा. भोंगा वाजवा. एकशे बारा किंवा एकशे एकला फोन करा. आणि मग, हवेचा सिलिंडर पाठीवर घेऊन जाणारा सराव केलेला गडी असेल तरच त्याला आत पाठवा. एकट्याला नाही, दोघांना, आणि तशीच तयारी केलेले दोघे बाहेर उभे. टाकीत उतरणारा मुळातच कमरपट्टा आणि दोर बांधून उतरला असेल, तर त्याला वर ओढायला कोणालाही आत जावं लागत नाही. तो दोर आधी बांधायचा असतो. माणूस पडल्यावर दोर शोधायची वेळ आली, तर दुसरा माणूसही जाण्याची तयारी झाली असं समजा.

मास्कबद्दल थोडं तपशिलात सांगतो, कारण इथे फार गोंधळ आहे. कारखान्यात भिंतीवर टांगलेला डबीचा मास्क असतो. ती डबी हवा गाळते, हवा तयार करत नाही. खोलीत प्राणवायूच कमी असेल तर ती डबी काहीच करू शकत नाही. वायू खूप दाट असेल तर डबी काही मिनिटांत भरून जाते. क्लोरीनची डबी अमोनियाला चालत नाही. उघडलेली, तारीख उलटलेली डबी कशालाच चालत नाही. दाढी वाढली असेल तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही आणि कडेने वायू आत शिरतो. पाठीवरचा हवेचा सिलिंडर मात्र बाहेरच्या हवेवर अवलंबून नसतो. तो अर्ध्या तासाचा म्हणतात, पण घाबरलेला, वजन उचलणारा माणूस तो त्याहून लवकर संपवतो. हवा संपत आली की शिट्टी वाजते. शिट्टी वाजल्यावर बाहेर पडायचं असतं, हे शिकवलेलं असेल तरच त्या शिट्टीला अर्थ.

भोपाळच्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये मोहम्मद अश्रफ खान नावाच्या कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडालं. घाबरून त्याने मास्क लवकर काढला आणि श्वासाबरोबर वायू आत गेला. दोन-तीन दिवसांत तो गेला. फॉस्जीनचा सगळ्यात कपटी गुण असा, की घेतल्यावर माणूस बराच वेळ ठीक दिसतो. फुप्फुसात पाणी भरायला नंतर सुरुवात होते. क्लोरीनही असं उशिरा उलटू शकतं. म्हणून गळतीतून बाहेर आलेला माणूस "मला काही नाही, मी घरी जातो" म्हणाला तरी त्याला एकटं सोडू नका. रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली चोवीस तास ठेवा. त्याला चालवू नका, झोपवा किंवा टेकवून बसवा. धावाधाव, जिने चढणं यांनी फुप्फुसाचा भार वाढतो.

आता गळती बंद कोणी करायची? ज्याला ती बंद करायला शिकवलं आहे, त्यानेच. बाकी कोणीही नाही. पण शिकवणं म्हणजे काय, ते एका गोष्टीवरून दाखवतो.

पाणीपुरवठ्याच्या केंद्रात क्लोरीनचा टोनर, म्हणजे मोठा सिलिंडर, आडवा ठेवलेला असतो. त्यात नऊशे किलो क्लोरीन असतं, खाली द्रव आणि वर वायू. एका टोकाला दोन वॉल्व्ह असतात. ते एकावर एक उभ्या रेषेत आणले की वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. समजा गळती खालच्या बाजूला आहे, म्हणजे द्रव बाहेर पडतो आहे. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरहून अधिक वायू होतो. अशा वेळी शिकलेला गडी वॉल्व्हशी झगडत बसत नाही. तो टोनर रोलरवर फिरवतो आणि गळतीची जागा वर आणतो. आता द्रवाऐवजी वायू बाहेर पडतो आणि गळती एकदम कमी होते. मग गळती बंद करायचं किट लावायला वेळ मिळतो. किती साधी युक्ती! पण त्यासाठी टोनर रोलरवर असायला हवा आणि रोलर फिरायला हवा. गंजून चिकटलेले रोलर मी पाहिले आहेत. आणि गळतीच्या जागेवर पाण्याची पिचकारी मारू नका. ओला क्लोरीन धातू खातो आणि छिद्र मोठं होतं. हे न सांगितल्यामुळे चांगल्या हेतूने पाइप घेऊन धावणारी माणसं असतात.

अमोनियाचंही असंच. फवारा वाफेच्या ढगावर मारा, पाणी तो वायू शोषून घेतं. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियात पाणी घातलं, तर पाण्याच्या उबेने तो आणखी उकळतो. बर्फाच्या कारखान्यात गॅस सुटायची एक ओळखीची वेळ सांगू? सिस्टीममधलं तेल काढताना. ऑपरेटर वॉल्व्ह उघडतो, तेल थेंब थेंब येत राहतं, वेळ लागतो, म्हणून तो दुसऱ्या कामाला वळतो. तेल संपतं आणि मागून अमोनिया येतो. म्हणून तिथे हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा वॉल्व्ह असायला हवा, आणि तेल काढणारा माणूस ते संपेपर्यंत तिथून हलता कामा नये. वॉल्व्हची ग्लँड किरकोळ गळत असेल तर जुने ऑपरेटर गंधकाची कांडी पेटवून फिरवतात. जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती. हे चांगलं ज्ञान आहे, पण ते फक्त बारीक गळतीसाठी. वायूने भरलेल्या खोलीत कोणी पेटती काडी न्यायची नाही. अमोनिया विशिष्ट प्रमाणात हवेत मिसळला तर पेट घेतो.

डोळ्यांबद्दल दोन वाक्यं, कारण कोळंबी सोलणाऱ्या ताई इथे आल्या आहेत. अमोनिया डोळ्यात गेला तर चोळू नका, औषध शोधू नका, लगेच वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा आणि किमान पंधरा मिनिटं धुवत राहा. पंधरा मिनिटं घड्याळ लावून. तेवढा वेळ कोणी धरत नाही, दोन मिनिटांत सोडून देतात. द्रव अमोनिया अंगावर उडून कपडा कातडीला चिकटला असेल, तर ओढून काढू नका. आधी पाणी ओता, सुटू द्या.

सगळे बाहेर आले. आता हजेरी. आणि इथेच आपल्याकडची सगळ्यात जुनी खोट बाहेर येते. मस्टरवर कंपनीच्या माणसांची नावं असतात. ठेकेदाराची माणसं दुसऱ्या वहीत, ती वही ठेकेदाराच्या ट्रंकेत. नेपाळहून आलेला मुलगा कालच कामाला लागलेला, त्याचं नाव कुठल्याच वहीत नाही. ट्रकचा क्लीनर आत झोपलेला. मग कोणी तरी म्हणतं, "अरे, तो बिहारी दिसत नाही!" आणि एक माणूस परत आत धावतो. ज्याच्यासाठी तो धावला तो कदाचित तासापूर्वीच चहाला बाहेर गेलेला असतो. फाटकावर आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद एका वहीत झाली, ठेकेदाराच्या माणसांसकट, आणि ती वही भोंगा वाजल्यावर जमायच्या जागी आणायची जबाबदारी एकाच्या नावावर असली, तर असे मृत्यू टळतील. याला पैसे लागत नाहीत. माणसाला माणूस म्हणून मोजायची तयारी मात्र लागते.

रुग्णालयात काय सांगायचं? रसायनाचं खरं नाव. कंपनीतलं टोपणनाव नाही, "ती ए-टू टाकीतली लिक्विड" नाही. भोपाळच्या रात्री शहरातल्या डॉक्टरांना वायूचं नावच माहीत नव्हतं. नाव माहीत नसेल तर औषध कशावर द्यायचं? टँकरवर केशरी पट्टीत एक संख्या असते. अमोनियाची १००५, क्लोरीनची १०१७. कोणत्याही भाषेत ती संख्या तीच. नाव उच्चारता आलं नाही तरी दुरून पट्टी वाचून चार आकडे सांगितलेत तरी खूप झालं. पण दुरून. जवळ जाऊन वाचायची नाही.

कायद्याने काय केलं? भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक कारखान्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. कामगाराला धोक्याची माहिती देणं सक्तीचं झालं, आणि जिवाला धोका जाणवला तर तो मालकाच्या नजरेला आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. १९८९ साली धोकादायक रसायनांचे नियम आले. त्यात एक तरतूद अशी आहे, की अपघात झाला तर ज्यांना त्याचा त्रास होऊ शकतो अशा कारखान्याबाहेरच्या लोकांना धोका काय आणि त्या वेळी काय करायचं हे कारखान्याने सांगितलं पाहिजे. भोपाळच्या वस्तीला जे कोणी सांगितलं नव्हतं ते हे.

तेव्हा हे मागायला जा. ग्रामपंचायतीने पत्र द्यावं, मच्छीमार सोसायटीने द्यावं, शाळेच्या मुख्याध्यापकांनी द्यावं. पत्रात विचारा: तुमच्याकडे कोणतं रसायन किती साठवलेलं आहे? सुटलं तर आमच्या गावाला कळणार कसं? भोंग्याचा धोक्याचा आवाज कोणता आणि धोका टळल्याचा कोणता? रात्री दोन वाजता, गणपतीच्या सुट्टीत, तो वाजवणार कोण? सूचना मराठीत, हिंदीत, नेपाळीत, कन्नडमध्ये लावल्या आहेत का? शेवटचा सराव कधी झाला, आणि त्यात ठेकेदाराची माणसं होती का? जिल्हा रुग्णालयाला त्या रसायनावरच्या उपचाराचा कागद दिला आहे का? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला प्रत पाठवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा. ४ डिसेंबरला रासायनिक आपत्ती निवारण दिन असतो. त्या दिवशी शाळेतल्या मुलांना वाऱ्याकडे बघायला शिकवा. एक झेंडा आणि मैदान पुरेल.

माझा वेळ संपला आहे. संयोजकांनी प्रश्नांसाठी अर्धा तास ठेवला आहे. बर्फाच्या कारखान्यात आणि मच्छी प्रक्रियेच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी आधी विचारावं, बाकीच्यांनी त्यांच्यानंतर. मागच्या रांगेत ज्या ताई बसल्या आहेत, त्यांच्याकडे माइक न्या.